मुक्कामाची गाडी

“हिचा जीव कशात तरी अडाकलाय,” तानाकाकू म्हणाली आणि खोलीतल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं.

मी आईच्या अंगाखालची गोधडी बदलत होते. एका हाताने तिला कुशीवर धरायचं आणि दुसऱ्या हाताने ओली गोधडी ओढून कोरडी आत सरकवायची, हे एकटीने करायला मी एव्हाना शिकले होते. सकाळपासूनची ती चौथी गोधडी होती. तानाकाकू आमची शेजारीण. आईहून दहा-बारा वर्षांनी लहान. गावात कुणी अंथरूण धरलं की उशाशी बसून निदान करायचा मान तिचा.

“अन्न सोडून नऊ दिस झालं,” ती पुढे म्हणाली. “एवढं दिस कोन ऱ्हातं का? कुनात तरी जीव हाय तिचा. त्याला बोलवा.”

“सगळी येऊन गेली की, काकू.”

“मग काय तरी खायाचं ऱ्हायलं आसंल.”

तेही झालं होतं. तिच्या माहेरच्या विहिरीचं पाणी आणून पाजलं होतं. तिला आवडायची म्हणून खरवसाची वडी ओठांना लावली होती. जालिंदरदादा आणि मंदावहिनी तिसऱ्याच दिवशी मुंबईहून आले होते. दादाने तिच्या कानाशी तोंड नेऊन “आई, मी आलोय” असं दहादा सांगितलं, तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि पुन्हा डोळे मिटले. मग सगळ्यांचं एकमत झालं की जीव नातीत आहे. माझी रेश्मा पुण्यात दवाखान्यात नर्स. तिला आज्जीनेच वाढवली. ती सातव्या दिवशी रजा काढून आली, आज्जीची नखं कापली, केस विंचरले, पाठीला पावडर लावली, दोन दिवस राहिली आणि रडत परत गेली. आज्जीने तिला ओळखलं, गालावरून बोट फिरवलं. पण गेली नाही.

डॉक्टरांनी पाचव्याच दिवशी सांगितलं होतं, आता हलवू नका, वय झालंय. वय किती, ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आपली चाळिशी सरली होती, एवढं आई सांगायची. त्यावरून दादाने अठ्ठ्याऐंशी काढलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांत तिने पाच बाळंतपणं केली, त्यातली तीन पोरं पुरली, बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या वाघझरीचा रस्ता झाला त्यावर खडी फोडली. चार वर्षांनी त्या रस्त्यावरून एसटी आली तेव्हा सगळं गाव नारळ घेऊन गेलं. आई नुसती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “माझ्याच दगडावरनं आलीया.” 

मला कुणी विचारलं नाही, पण खरं सांगायचं तर मी दमले होते. दिवसा अंगणवाडीत मदतनिसाचं काम, ते त्या दिवसांत बंद ठेवलं होतं. पण आधीची तीन वर्षं दोन्ही चालू होतं. तिला उचलायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, आणि तिने रागाने वाटी सांडली की पुसायचं. मला वाटायचं, सुटावी एकदाची. तिच्यासाठी की माझ्यासाठी, ते विचारू नका. 

सगळ्यांत जास्त मला दमवायचा तो तिचा एक प्रश्न. दिवसभर ती पडून असायची. उन्हं कलली की डोळे उघडायची आणि विचारायची, “गाडी आली का?”

ही गाडी म्हणजे मुक्कामाची एसटी. वाघझरी हे शेवटचं गाव, आमच्या शाळेपाशी डांबर संपतं. संध्याकाळी सातला गाडी यायची, शाळेच्या पटांगणात उभी राहायची आणि सकाळी सहाला परत तालुक्याला सुटायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपायचे. त्यांना जेवायला सुरुवातीला गावातली घरं पाळीपाळीने घालायची. मग आईने ते सगळं आपल्याकडे घेतलं आणि पुढे एकोणतीस वर्षं, मुक्काम बंद होईपर्यंत, ती दोन माणसं आमच्याकडे जेवली. गाडीचा आवाज घाटात ऐकू आला की ती तवा ठेवायची. आता पाच वर्षं झाली होती मुक्काम बंद होऊन. माणसं वडापच्या, म्हणजे भरली की सुटणाऱ्या खासगी जीपने जातात-येतात. एसटी दुपारी एकदा येते आणि उभ्या उभ्या परत जाते.

पहिले दोन-तीन दिवस मी खरं सांगितलं. “आई, गाडी बंद झालीय.” ती ऐकायची नाही. मग दादाने युक्ती काढली. वडापवाल्याला सांगून संध्याकाळी आमच्या दारात जीप उभी केली आणि हॉर्न वाजवायला लावला. त्या हॉर्नमधून कसलंसं गाणं वाजत होतं. आई डोळे न उघडता म्हणाली, “ही आपली गाडी न्हवं.” नऊ दिवसांत तेवढंच एकदा आम्ही हसलो.

मग मी खोटं बोलायला लागले. “आली गाडी, आई.”

“काय म्हनाला?”

“कोण?”

“कंडक्टर.”

“भूक लागली म्हनाला. वाढलं मी.”

ती माझ्याकडे बघत राहायची. मी काहीतरी चुकीचं बोललेय हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं. मग तोंड भिंतीकडे करायची. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, “बरं हाय म्हनाला.” तिसऱ्या दिवशी, “घाटात दरड पडलीय म्हनाला.” प्रत्येक वेळी तेच. त्या नवव्या दिवशी, तानाकाकू आणि बायका उठून गेल्यावर, तिने पुन्हा विचारलं आणि माझा तोल गेला.

“कशाला पायजे गं तुला ती गाडी?” मी म्हणाले. “मरताना तरी लेकाचं नाव घे, नातीचं घे. त्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी काय दिलं तुला?”

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. “शालन, अहो काय बोलताय?” त्यांनी मला दंडाला धरून बाहेर ओट्यावर नेलं, पाण्याचा तांब्या हातात दिला. मी पाणी प्यायले आणि तिथेच बसून राहिले. राग त्या दिवसाचा नव्हता. तो फार जुना होता आणि त्याचं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

माझं लग्न ऐंशी साली झालं. सासर आमच्या वाटेवरच, वाघझरीहून तालुक्याला जाताना मध्ये चिंचेचा फाटा लागतो, तिथून आत मैलभर. नवरा हात उचलायचा. पहिल्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा पाठ दाखवली आईला. तिने तेल-हळद लावली. भाऊबीज झाली आणि तात्या, माझे वडील, म्हणाले, “उद्याच्या गाडीनं जाऊ दे हिला. पयल्या वर्सी समद्यांचंच असं असतं.” मी आईकडे पाहिलं. आईने खाली पाहिलं. सकाळी सहाच्या गाडीत तिनेच मला बसवलं. पिशवीत करंज्यांचा डबा दिला. गाडी सुटेपर्यंत खिडकीची दांडी धरून उभी होती आणि मग सोडली.

त्यानंतर महिनाभराने गावातलं कुणीतरी फाट्यावर भेटलं, त्याने सांगितलं, तुझ्या आईने मुक्कामाच्या गाडीची माणसं जेवायला घेतलीत. सरपंचाकडे स्वतः गेली, म्हणाली, इतर कुणाची पाळी नको, रोजचं माझ्याकडे. हे ऐकून मला काय वाटलं ते अजून आठवतं. लेकीला ठेवून घ्यायला घरात जागा नव्हती, आणि दोन परकी माणसं जन्माची पोसायला घेतली.

सहा वर्षांनी, रेश्मा तीन वर्षांची असताना, एका संध्याकाळी मी तिला कडेवर घेऊन घरातून निघाले. डावा डोळा सुजून मिटला होता. फाट्यावर चिंचेचं मोठं झाड आहे, त्याच्या मागे उभी राहिले. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. माहेरी जायचं तर ते मला परत पाठवणार हे मी धरूनच चालले होते. झाडापासून पंचवीस पावलांवर विहीर होती. मी पोरीला कडेवरून खाली ठेवलं नव्हतं, एवढंच सांगते.

तेवढ्यात मुक्कामाची गाडी आली आणि थांबली. मी हात केला नव्हता. मी झाडाआड होते, रस्त्यावरून दिसतही नव्हते. कंडक्टर खाली उतरला, झाडाला वळसा घालून आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “चला ताई, उशीर होतोय.” जणू मी रोजची प्रवासी होते. मी चढले. तिकिटाला म्हणून पदराची गाठ सोडायला लागले, तर तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या.” मला वाटलं, तोंड बघून दया आली असेल. रेश्माला त्याने खेळायला संपलेल्या तिकिटांची थोटकं दिली.

गाडी वाघझरीला पोचली. आई दारात उभी होती. मला बघून तिने चौकट धरली. मिठी नाही, विचारपूस नाही. “हात धू,” एवढंच म्हणाली. मग आत गेली आणि ताटं घेतली. दोन ताटं. ड्रायव्हर-कंडक्टरांना ओट्यावर बसवलं, भाकरी वाढली, आमटी वाढली, पुन्हा पुन्हा विचारून वाढलं. मी सुजलेल्या तोंडाने, पोर मांडीवर घेऊन, चुलीशी बसले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं. ती दोघं जेवून उठली, तेव्हा तिने माझं ताट केलं. मग तात्यांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “हिला आता माघारी धाडायची न्हाई.” तात्या कुशीवर वळले. त्यांनी नंतर कधी विषय काढला नाही.

तिने मला ठेवून घेतलं. रेश्माला शिकवलं. माझ्यासाठी अंगणवाडीत खेटे घातले. मी हे सगळं मानते. पण ती दोन ताटं माझ्या मनातून कधी गेली नाहीत. अठ्ठावीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, आणि त्या रात्रीही तुला आधी तेच का आठवले, हे मी तिला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. 

दहाव्या दिवशी सकाळी तानाकाकू परत आली. रात्रभर तिने विचार केला होता. “शालन, गाडीचं इचारती तर गाडीचाच मानूस आन की. त्यो मुल्ला कंडक्टर किती वर्सं हुता. जित्ता असला तर स्टँडाजवळच ऱ्हातो म्हनं.”

मला जायचं नव्हतं. पण घरात बसून तो प्रश्न पुन्हा ऐकायचाही नव्हता. वहिनींना आईजवळ बसवलं, दादा औषधं आणायला म्हणून माझ्याबरोबर यायला निघाला, त्याला नको म्हटलं आणि दुपारच्या जीपने एकटी तालुक्याला गेले.

दस्तगीर मुल्ला स्टँडच्या मागच्या गल्लीत राहत होते. हाच तो, मला फाट्यावरून आणणारा कंडक्टर. मुक्कामाच्या गाडीवर चौदा वर्षं होते. पुढे दुसऱ्या मार्गावर गेले, मग निवृत्त झाले. दारातल्या खाटेवर बसले होते. साखरेच्या आजाराने एक पाय गुडघ्याखाली कापलेला. वीसेक वर्षांनी बघत होते, त्यांनी मला ओळखलं नाही. वाघझरीच्या पारूबाईंची लेक म्हटल्यावर लगेच पत्नीला हाक मारून चहा टाकायला सांगितलं.

“आक्का हायत अजून?”

“हायत. पण नसल्यासारख्याच. दहा दिवस झाले, अन्न नाही.”

“अरे देवा,” ते म्हणाले. मग बराच वेळ आईच्या भाकरीचं, घेवड्याच्या आमटीचं बोलत राहिले. मी चहा पिऊन संपवला. मला परतीची जीप गाठायची होती.

“मुल्लाभाऊ, एक विचारायचं होतं. आई रोज संध्याकाळी विचारते, गाडी आली का. आली म्हटलं की विचारते, कंडक्टर काय म्हणाला. मी काही सांगितलं तरी तिचं समाधान होत नाही. तुम्ही काय म्हणायचा हो तिला?”

त्यांनी बशी खाली ठेवली. “तुला ठावं न्हाई?”

“काय?”

“आक्कांनी कंदी सांगितलं न्हाई तुला?” ते माझ्याकडे नीट बघायला लागले. मघाशी ओळख पटली नव्हती, ती बहुतेक आता पटली. “तू फाट्यावरची. शालन.”

“हो.”

“त्या दिवाळीत तुला सकाळच्या गाडीत बसवलं, तवा गाडीवर मीच हुतो. तू मागच्या शिटावर फाट्यापतोर रडत हुतीस. दुसऱ्या दिशी मुक्कामाला आलो तर आक्का शाळंपाशी हुब्या. मला बाजूला घेतलं. म्हनल्या, आजपासनं तुमचं दोघांचं जेवान माझ्याकडं, रोज. पर एक काम करायचं. चिंचेच्या फाट्यावर गाडी हुबी करायची. कोन असू नायतर नसू. माझी शालन तिथं असंल तर घेऊन यायची. तिकीट मागायचं न्हाई, का म्हनून इचारायचं न्हाई. तिनं हात केला न्हाई तरी खाली उतरून बगायचं. ती हात करायची न्हाई, म्हनल्या. माझ्यावर रुसलीया.”

मी हातातला रिकामा कप खाली ठेवला.

“सा वर्सं,” मुल्ला म्हणाले. “मी रजेवर असलो तर बदलीवाल्याला सांगून जायाचो. डायवर कावायचं, रिकाम्या फाट्यावर कशाला थांबायचं रोज. प्यासेंजर इचारायचे, कोन यायचंय? मी म्हनायचो, हाय एक. आनि वाघझरीत उतरलो की आक्का दारात. पानी देन्याआदी इचारायच्या, ‘फाट्यावर हुती का?’ मी म्हनायचो, ‘न्हाई आक्का.’ मग वाढायच्या.”

“नाही म्हटल्यावर काय म्हणायची?”

“काय न्हाई. कंदी बरं वाटल्यागत दिसायच्या, कंदी आता रडत्याल असं वाटायचं. मला बी कळायचं न्हाई, न्हाई म्हनतोय ते चांगलं का वंगाळ.” त्यांनी कापलेल्या पायावरची चादर सारखी केली. “तू आलीस त्या रातीला बी आमालाच वाढाय लागल्या. मी म्हनलो, आक्का, आदी पोरीला वाढा. तर म्हनल्या, न्हाई, आज तुमाला आदी. तुमी आनलीया.”

त्यांच्या पत्नीने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मी तो उचलला नाही. अठ्ठावीस वर्षं मी ती दोन ताटं धरून बसले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि आईचा पुन्हा राग आला, की एका शब्दाने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं. पण तिने काय सांगायचं होतं? सांगायला गेली असती तर सुरुवात त्या सकाळच्या गाडीपासून करावी लागली असती. खिडकीची दांडी तिनेच सोडली होती.

“तुम्ही याल का?” मी विचारलं. “तुमच्या तोंडून ऐकलं तर—”

“आलो असतो गं. ह्या पायानं जीपमंदी चढवत न्हाई. कालच दवाखान्यातनं आलोय. तूच सांग. मी म्हनलो म्हनून सांग. हुती म्हनावं फाट्यावर. घेऊन आलोय म्हनावं.”

परतीची जीप भरायला वेळ लागला. निघालो तेव्हा उन्हं उतरली होती. मी मागच्या बाकावर दोन बाजाराच्या पिशव्यांमध्ये दाबून बसले होते. अंग दुखत होतं, डोळे मिटत होते. चिंचेचा फाटा आला आणि मी एकदम म्हणाले, “थांबव जरा.”

“कोन यायचंय?” वडापवाल्याने विचारलं.

“कोणी नाही. दोन मिनिटं थांब.”

मी उतरले. चिंच तेवढीच होती. विहिरीवर आता लोखंडी जाळी टाकलीय. सासरकडची वाट डांबरी झालीय. नवरा मरून बारा वर्षं झाली होती. मी झाडामागे जाऊन उभी राहिले आणि तिथून रस्ता दिसतो का ते पाहिलं. दिसत नाही. रस्त्यावरूनही तिथलं माणूस दिसत नाही, खाली उतरून वळसा घातल्याशिवाय. जीपमधली माणसं कुरकुरायला लागली. मी परत येऊन बसले.

घरी पोचले तेव्हा सातला थोडा वेळ होता. वहिनींनी देवापाशी दिवा लावला होता. दादा ओट्यावर कुणाशी फोनवर बोलत होता. आई उताणी पडली होती, डोळे मिटलेले, तोंड उघडं. मी चप्पल काढून तशीच तिच्या उशाशी बसले. पाच-दहा मिनिटं गेली असतील. तिने डोळे उघडले.

“गाडी आली का?”

“आली, आई.”

“काय म्हनाला?”

“फाट्यावर हुती म्हनाला,” मी सांगितलं. “घेऊन आलाय.”

तिचे डोळे फिरले नाहीत, पण श्वास थांबल्यासारखा झाला. वहिनी दारातून पुढे आल्या. मी हाताने त्यांना थांबवलं.

“कुठाय?” आई म्हणाली.

“ही काय. मी आलेय, आई.”

तिने हात वर केला. दहा दिवसांत तिने तो स्वतःहून एवढा उचलला नव्हता. मी चेहरा खाली नेला. तिची बोटं माझ्या हनुवटीवरून वर गेली आणि डाव्या डोळ्याखाली थांबली. तिथे आता काहीच नाही. सूज चार दिवसांत उतरली होती, तीही अठ्ठावीस वर्षांमागे. ती तिथेच बोट ठेवून राहिली.

“लई लागलंय?”

“न्हाई. बरं झालंय आता.”

“पोरगी?”

“निजलीय.”

“मीच धाडली हुती,” ती म्हणाली. हे तिने मला सांगितलं की कंडक्टरला, ते मला कळलं नाही. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. तिच्या हातावर पाणी पडत होतं, तिला ते कळत असावं. थोड्या वेळाने तिने हात काढून घेतला आणि दाराकडे मान केली.

“ताट करा,” ती म्हणाली.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. “कुणाला, आई?”

“हिला. आदी हिला. ती मान्सं थांबत्याल.”

वहिनींनी भात, आमटी आणि दुपारची अर्धी भाकरी आणून दिली. मी तिच्या उशाशीच जेवायला बसले. त्या दहा दिवसांत मी चहात बुडवून काहीबाही खात होते, वहिनी रागवायच्या. त्या संध्याकाळी मी ताट पुसून जेवले आणि दुसऱ्यांदा भात घेतला. आई डोळे मिटून होती, पण माझ्या हातातल्या ताटाचा आवाज ऐकत होती हे मला कळत होतं. आवाज थांबला तेव्हा ती म्हणाली, “झालं?”

“झालं.”

“मग नीज.”

मी हात धुतले. तिच्या खाटेलगत, जमिनीवर, वाळलेल्या गोधड्यांतली एक अंथरली आणि आडवी झाले. वहिनी म्हणाल्या, मी जागते, तुम्ही पडा. मी पडल्या पडल्या झोपले.

वहिनींनी हलवून उठवलं तेव्हा उजाडत होतं. सहा वाजले होते, पूर्वी गाडी सुटायची ती वेळ. आई गेली होती. रात्रभर शांत होती, वहिनी म्हणाल्या, एकदाही काही विचारलं नाही. त्यांचाही पहाटे जरा डोळा लागला होता.

तिला जाऊन आता दहा वर्षं झाली. दहा दिवस हागणं-मुतणं काढलं आणि जीव जाताना लेक उशाशी घोरत पडली होती, असं तानाकाकू अजून चारचौघींत सांगते. सांगू दे. मला आईनेच सांगितलं होतं, नीज म्हणून.